दोन पाण्यांचा संगम : मंदावुय युनुपिंगू यांचा शिक्षणविचार

स्वयंनिर्णयाचा हक्क म्हटला की भूमी, मतदान व राज्यघटना यांचा विचार प्रथम मनात येतो. शाळेच्या वर्गाचा सहसा येत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील योल्ङु या आदिवासी समाजाचे शिक्षक मंदावुय युनुपिंगू (१९५६–२०१३) यांनी हा हक्क अभ्यासक्रमाच्या क्षेत्रात आणला. मुलांनी काय व कोणत्या भाषेत शिकावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांच्या चिंतनाचा मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाला पार्श्वभूमी आहे. अर्नहेम लँडमधील यिर्कला येथे १९३५ साली मेथडिस्ट मिशन स्थापन झाले. १९६३ साली बॉक्साइटच्या खाणीसाठी तेथील भूमी वेगळी काढण्यात आली, तेव्हा योल्ङु वडीलधाऱ्यांनी झाडाच्या सालीवर, चित्रांच्या चौकटीत, संसदेस निवेदने सादर केली. ती त्यांच्या व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होती. १९७१ साली न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. नॉर्दर्न टेरिटरीसाठी भूमिहक्काचा कायदा झाला तो १९७६ साली. स्वभाषा न सोडता परक्या सत्तेशी बोलण्याची ही रीत युनुपिंगूंना वारशानेच लाभली.

नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्विभाषिक शिक्षण सुरू झाले. परंतु त्यात मातृभाषा ही इंग्रजीकडे नेणारी केवळ पायरी ठरण्याचा धोका होता. पायरी ओलांडली की तिचे प्रयोजन संपते. पदवी मिळविणारे अर्नहेम लँडमधील पहिले आदिवासी ठरलेले आणि १९९० साली यिर्कलाच्या शाळेचे मुख्याध्यापक झालेले युनुपिंगू यांना हे मान्य नव्हते.

त्यांनी ‘गान्मा’ ही योल्ङु संकल्पना पुढे मांडली. जमिनीवरून येणारे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी जेथे मिळतात, ते स्थान म्हणजे गान्मा. तेथे दोन्ही प्रवाह परस्परांत मिसळतात. तथापि एकाने दुसऱ्यास गिळावयाचे नसते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही केवळ आलंकारिक उपमा नाही. योल्ङु विश्व ‘धुवा’ व ‘यिरित्जा’ या दोन अर्धांत विभागलेले असून आई व अपत्य नेहमी भिन्न अर्धांतील असतात. भिन्नत्व हीच तेथे नात्याची अट आहे. युनुपिंगूंच्या वाद्यवृंदाचे नाव ‘योथु यिंदी’, म्हणजे अपत्य व माता, हे याच नात्याचे द्योतक आहे. यिर्कलाच्या गणित-अभ्यासक्रमातही योल्ङु नातेव्यवस्था व दशमान संख्यापद्धती शेजारी ठेवण्यात आल्या : दोन्हींत मोजक्या नियमांची पुनरावृत्ती होऊन अमर्याद रचना उभी राहते. अशा वर्गात आजोबांचे ज्ञान ‘लोककथा’ म्हणून नव्हे, तर शास्त्र म्हणून प्रवेश करते.

या विचारास राजकीय बाजूही होती. १९८८ साली पंतप्रधान हॉक यांनी आदिवासींशी कराराचे आश्वासन दिले. ते पाळले गेले नाही. १९९१ साली योथु यिंदीच्या ‘ट्रीटी’ या गीताने त्याचे स्मरण देशाला करून दिले. १९९२ साठी युनुपिंगू ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरले. सन्मान मिळाला, करार मात्र झाला नाही.

२००८ साली प्रादेशिक शासनाने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकविण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा शासनाच्या अनुमतीवर उभे असलेले द्विभाषिक शिक्षण किती अस्थिर असते हे स्पष्ट झाले. तरीही यिर्कलाने आपला मार्ग सोडला नाही. २०२० साली तेथील आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशास पात्र ठरले. त्या गावात असे प्रथमच घडले.

या यशामुळे मातृभाषेने प्रगती खुंटते हा आक्षेप दुबळा होतो. मात्र मूळ प्रश्न मिटत नाही. अध्यापनाची भाषा आज एका आदेशाने मिळत असेल, तर उद्या दुसऱ्या आदेशाने ती जाऊही शकते. म्हणूनच युनुपिंगूंना केवळ वर्गात स्वभाषेला स्थान मिळणे पुरेसे वाटले नाही. ते स्थान ठरविण्याचा अधिकार समाजाच्या हाती असणे, हेच त्यांना अभिप्रेत असलेले स्वयंनिर्णयाचे तत्त्व होय.