एमजीबीची कुलपं: नवी की जुनीच?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. १९६७ची एमजीबी दुरुस्तीला काढली आहे. दोन्ही दारांच्या किल्ल्या वेगळ्या, त्यातली एक फिरतच नाही. नवी लॉकं घेऊ का?

उत्तर: घाई नको. तुमच्या गाडीत लॉक हँडलच्या बटणात नसतं; त्याचा बॅरल हँडलखाली दारात वेगळा बसवलेला असतो. किल्ली अडते ती बहुधा आत वाळून चिकट झालेल्या जुन्या ग्रीसमुळे. दाराचं आतलं पॅनेल काढून बॅरल सोडवा, तो रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा. मग कोरडा करून ग्रॅफाइटची पूड घाला. तेल मात्र नको, धूळ धरतं.

एकच किल्ली हवी असेल, तर बॅरलमधल्या पितळी पत्त्या काढून चांगल्या किल्लीप्रमाणे जुळवता येतात. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा, कारण त्यांच्या स्प्रिंगा तिळाएवढ्या असतात आणि उडाल्या की गेल्याच! पत्त्या झिजल्या असतील, तरच नवा संच.

हँडलही काढलं असेल, तर बसवताना त्याखाली नवं रबर घाला. बटणामागचा स्क्रू असा लावा, की दाबण्याआधी लॅचपर्यंत मिलिमीटरभर फट राहील. फट नसेल, तर दार चालत्या गाडीत उघडू शकतं. आणि काच खाली करून तपासा, म्हणजे दार अडकलं तरी हात आत जाईल.