बेटाच्या खाली काय असतं? – घारापुरीची एक दिवसाची कौटुंबिक सहल आणि त्यातून तयार झालेला पाठ



'ज्या भूभागाच्या चारही बाजूंनी पाणी असते, त्याला बेट म्हणतात.' ही व्याख्या मी गेली अकरा वर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात. पण खरं सांगते, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी स्वतः एकही बेट पाहिलेलं नव्हतं. माझा जन्म बीड जिल्ह्यातला, डीएड इथलंच आणि नोकरीही इथंच. समुद्र एकदाच पाहिला होता, तोही किनाऱ्यावर उभं राहून.

सुट्टीच्या आधी चौथीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, बेट पाण्यावर तरंगतं का?" मी म्हटलं, "नाही रे." लगेच दुसरा प्रश्न, "मग त्याच्या खाली काय असतं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं आणि तो उद्या काही आला नाही. हा मुलगा हंगामी वसतिगृहात राहतो, आईवडील ऊसतोडीला गेलेले. त्याचा प्रश्न मनात घेऊनच मी सुट्टीत मुंबईला गेले. दीर कळंबोलीला राहतात. त्यांनीच सुचवलं, "वहिनी, पोरांना घारापुरी दाखवा. एका दिवसात होतं."

जाण्याआधी थोडी माहिती

घारापुरी हे मुंबई बंदरातलं बेट. प्रशासनाच्या दृष्टीनं ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतं. गेटवे ऑफ इंडियापासून अंतर साधारण 10 किलोमीटर, लाँचने सुमारे तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवा. 15 वर्षांखालील मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की लाँच बंद ठेवतात, म्हणून हिवाळा उत्तम. सकाळची पहिली-दुसरी लाँच धरा आणि परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

आम्ही सहा जण होतो. मी, आमचे हे, दीर, पाचवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि शिक्षिकेची खोड म्हणून मी तयार केलेली बावीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका!

लाँचमधून

लाँच सुटली तशी गेटवेची कमान लहान लहान होत गेली. वाटेत तेलाच्या मोठमोठ्या टाक्या असलेलं एक बेट दिसतं, ते जवाहर द्वीप, त्यालाच बुचर आयलंडही म्हणतात. मुलाला वाटलं, हेच घारापुरी! बेट म्हणजे नारळाची झाडं आणि वाळू, असं चित्र आपण पुस्तकातून मुलांच्या डोक्यात घातलेलं असतं. टाक्या असलेलं बेटही असतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

मग घारापुरी दिसू लागली. दोन टेकड्या, मधे खोलगट भाग. मुलगी म्हणाली, "आई, हा तर डोंगर आहे. पाय पाण्यात सोडून बसलेला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्गातल्या त्या मुलाला जे उत्तर मला देता आलं नव्हतं, ते हेच. बेट तरंगत नाही. ते डोंगरासारखंच खालच्या जमिनीला जोडलेलं असतं. जमिनीचा सखल भाग पाण्याखाली आहे म्हणून आपल्याला फक्त माथा दिसतो. सगळीच बेटं अशी तयार होत नाहीत, काही ज्वालामुखीतून तर काही प्रवाळापासून होतात. पण तळाशी जमीन असतेच.

पायऱ्या, माकडं आणि माझी चूक

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना चिखलात उभी खारफुटीची झाडं. तिथून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आत्यांचे गुडघे दुखतात. तिथं डोलीची सोय असते, पण आत्या म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यावर बसून मला देव बघायचा नाही." दहा पायऱ्या चढायच्या, थांबायचं, असं करत त्या वर पोचल्या. सोबत म्हातारं माणूस असेल तर तासभर जास्तीचा धरा, एवढंच.

वर माकडांनी आमच्या धपाट्यांची पिशवी पळवली. हातात उघडी पिशवी किंवा बाटली ठेवू नका, बॅगेची चेन लावा.

आता माझी चूक सांगते. मुख्य लेण्यात शिरल्या शिरल्या मी प्रश्नपत्रिका काढली. "खांब मोजा. लिहा. पुढचा प्रश्न." पोरगं वर बघायला लागलं की मी म्हणायची, "आधी लिही." चौथ्या प्रश्नाला तो रडायलाच लागला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, लेकराला बघू तरी दे. परीक्षा घ्यायला शाळा हाय की." मला लाज वाटली. कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

त्यानंतर आम्ही नुसते बघत बसलो. समोर 18 ते 20 फूट उंचीची ती तीन मुखांची प्रसिद्ध मूर्ती. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, अभ्यासक तिला सदाशिव मानतात. मी मुलांना एवढंच विचारलं, "तिघांचे चेहरे सारखे आहेत का?" मुलगा डोळे पुसत म्हणाला, "डावीकडचा रागावलाय. मधला झोपल्यासारखा शांत. उजवीकडचा आईसारखा." बावीस प्रश्नांत जे निघालं नसतं, ते एका प्रश्नात निघालं. ही लेणी साधारण सहाव्या शतकातली. 1987 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

अनेक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. "हे कुणी तोडलं?" हा प्रश्न मूल विचारणारच. पोर्तुगीजांच्या काळात इथं मोठी नासधूस झाली, हे सरळ सांगावं. आणि सोबत एक प्रश्न विचारावा, "आपल्या गावच्या जुन्या मंदिरावर, बारवेवर नावं कोण कोरतं?" माझी मुलगी बराच वेळ गप्प होती.

काळा दगड ओळखीचा निघाला

आत्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हा तर आपल्याकडचाच दगड." बरोबर होतं. घारापुरी बेसाल्टची आहे आणि आपला बालाघाटही बेसाल्टचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरून हा दख्खनचा खडक तयार झाला. चारशेहून अधिक किलोमीटर लांब आलो, समुद्र ओलांडला, तरी पायाखाली ओळखीचा दगड!

दुसरी ओळख हत्तीची. धक्क्याजवळ पूर्वी दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. इंग्रजांच्या काळात तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला. पुढे जोडून घेतला आणि आता तो भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आपल्या अंबाजोगाईच्या शिवलेण्यालाही लोक 'हत्तीखाना' म्हणतात, कारण अंगणात दगडी हत्ती आहेत. ते मात्र अजून जागेवर आहेत. मुंबईला जाणं जमत नसेल तर हत्तीखान्याला जा. खडक कोरून लेणं कसं करतात, ते तिथंही तितकंच समजतं.

लेण्यांच्या वर टेकडीवर दोन जुन्या तोफा आहेत. तिथून बेटाच्या सभोवती पसरलेलं पाणी दिसतं. व्याख्येतल्या 'चारही बाजू' मला तिथं कळल्या. पण एवढं पाणी असून बेटावर पिण्याच्या पाण्याची काळजीच. पावसाचं पाणी साठवून गावकरी वापरतात. लेण्यांच्या परिसरातही खडकात खोदलेलं जुनं टाकं आहे. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगायला हवी. वीजसुद्धा इथं समुद्राखालून केबल टाकून फेब्रुवारी 2018 मध्ये पोचली.

संध्याकाळी धक्क्यावर आलो तर सकाळी जिथं पाणी होतं तिथं चिखल उघडा पडला होता. ओहोटी! मुलानं सकाळी एका खांबावरची पाण्याची रेघ बघून ठेवली होती, ती आता त्याच्या डोक्याच्या वर होती. साधारण सहा तासांत पाणी उतरतं, सहा तासांत चढतं, हे पुस्तकातलं वाक्य त्यानं डोळ्यांनी वाचलं.

वर्गात काय केलं

शाळा उघडल्यावर माझ्यापुढे अडचण होती. वर्गातल्या बहुतेक मुलांना ही सहल परवडणारी नाही. मोबाईलवरचे फोटो दाखवले असते तर तो मिरवण्याचा प्रकार झाला असता. म्हणून फोटो बाजूला ठेवले आणि असं केलं:

1. मोठी परात घेतली. तिच्यात ओल्या मातीच्या दोन टेकड्या केल्या, मधे खोलगट भाग ठेवला.
2. "बेट कुठं आहे?" विचारलं. मुलं म्हणाली, "कुठंच नाही."
3. तांब्यानं हळूहळू पाणी ओतलं. आधी खोलगट भाग भरला, मग टेकड्या वेगळ्या झाल्या. "आता?" सगळे ओरडले, "दोन बेटं!"
4. थोडं पाणी काढून घेतलं. टेकड्या पुन्हा जोडल्या गेल्या. इथं भरती-ओहोटी सांगितली.
5. शेवटी विचारलं, "धरण भरल्यावर मधलं टेकाड उघडं राहतं, त्याला काय म्हणाल?"

ज्यानं प्रश्न विचारला होता, त्याला मी पुढे बोलावलं आणि म्हटलं, "तुझं उत्तर द्यायचं राहिलं होतं. हात घालून बघ, खाली काय आहे?" त्यानं पाण्यात हात घातला, टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेला. "माती हाय मॅडम. सगळं खालून एकच हाय."

मग जरा थांबून म्हणाला, "आमची कोपीबी बेटावाणीच असती. चारीकडून ऊस." वर्ग हसला. मी हसले नाही. फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं आणि विचारलं, "हे बेट आहे का? असेल तर का, नसेल तर का?" त्यावर जी चर्चा झाली, ती अकरा वर्षांत व्याख्या लिहून कधी झाली नव्हती. शेवटी मुलांनीच ठरवलं, की बेट नाही, कारण पाणी नाही. पण बेटावर राहणाऱ्याला कसं वाटत असेल, हे त्या मुलाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना कुठंही न्या, घारापुरी असो, हत्तीखाना असो की गावाजवळचा तलाव. सोबत प्रश्नपत्रिका नेऊ नका. एक-दोन प्रश्न मनात ठेवा आणि मुलाला आधी पोटभर बघू द्या. घरी आल्यावर त्याला एकच सांगा, "आजीला तू काय बघितलंस ते सांग." आजी सोबत असेल तर आणखी चांगलं, ती चुका दुरुस्त करते. माझी केली तशी.

आणि शिक्षक मित्रांनो, "उद्या सांगते" म्हटलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. मूल विसरलंय असं आपल्याला वाटतं. ते विसरलेलं नसतं.

आपल्या वर्गात परातीची कृती करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.