आधी पोस्टर की आधी पेटंट?

आमच्या रूमच्या खिडकीत एक ट्रॉफी आहे आणि सध्या तिच्यात चौघांचे टूथब्रश असतात. गेल्या वर्षी एका टेकफेस्टमध्ये आम्ही पोस्टर लावलं होतं. विषय होता कांदाचाळीतला सडका कांदा लवकर ओळखणारा पाईप. रूममेट निफाडचा, घरची चाळ आहे. वरून कांदा छान दिसतो आणि ढिगाच्या आत पाणी सुटलेलं असतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. आम्ही पाईपला वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडली आणि छोट्या फॅनने आळीपाळीने तिथली हवा ओढून गॅस सेन्सरवर आणली. सेन्सर एकच लागतो आणि कुठल्या थरात सड आहे तेही कळतं. पोस्टरवर सगळं काढलं, अगदी सर्किटसुद्धा. लोकांनी मोबाईलवर फोटो काढले. परीक्षकांनी विचारलं, "पेटंटचा अर्ज केलाय का?" आम्ही म्हटलं, "नाही सर, आधी बक्षीस!" सगळे हसले.

हसण्यासारखं काही नव्हतं हे नंतर कळलं. शोध लोकांपुढे मांडला की कायद्याच्या नजरेत तो 'नवा' राहत नाही, आणि नवा नसेल तर पेटंट नाही. आपल्याकडे 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला पेपर अशा मोजक्या गोष्टींना. आमचा टेकफेस्ट त्यात कुठून बसणार!

ही चूक करणारे आम्ही पहिले नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. 1972 साली होनोलुलूच्या एका कॉन्फरन्सला स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर भेटले. रात्री सँडविच खाताखाता त्यांचं ठरलं, की बॉयर यांचं डीएनए कापणारं एन्झाइम आणि कोहेन यांचं प्लाझमिड एकत्र वापरून बघू. म्हणजे एका जीवाचा जीन कापून बॅक्टेरियात बसवायचा. जमलं! नोव्हेंबर 1973 मध्ये पेपर छापून आला. पेटंट कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

स्टॅनफर्डमध्ये 1970 पासून एक छोटं ऑफिस होतं, प्रोफेसरांचे शोध कंपन्यांना लायसन्सवर देणारं. ते सुरू करणारे नील्स रायमर्स यांनी मे 1974 मध्ये या प्रयोगाची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि कोहेन यांना गाठलं. कोहेन आधी तयारच नव्हते. मूलभूत संशोधनाचं कसलं पेटंट, असं त्यांचं म्हणणं. शेवटी अर्ज गेला 4 नोव्हेंबर 1974 ला. अमेरिकेत पेपर छापल्यावर एक वर्षाची मुभा असते, ती संपायला आठवडाभर उरला होता. पण ही मुभा अमेरिकेपुरती. बाहेरच्या देशांतलं पेटंट पेपर छापला त्याच दिवशी हातचं गेलं होतं.

पेटंट मिळालं 1980 च्या डिसेंबरमध्ये. आता पुढचा भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. 'परवाना' म्हटलं की मला (कॉन्व्हेंटची कृपा!) फक्त ड्रायव्हिंग लायसन्स आठवायचं. पण इथे परवाना म्हणजे मालकी विद्यापीठाची आणि वापर कंपनीचा. स्टॅनफर्डने तो एकाच कंपनीला न देता मागेल त्याला दिला: सुरुवातीला 10,000 डॉलर, दरवर्षी 10,000 डॉलर, वर विक्रीवर थोडी रॉयल्टी. रक्कम इतकी कमी, की कोर्टात भांडण्यापेक्षा पैसे भरणं स्वस्त. 1997 मध्ये पेटंट संपेपर्यंत 468 कंपन्यांनी परवाना घेतला आणि सुमारे 25 कोटी 50 लाख डॉलर जमले. बॉयर यांनी तर 1976 मध्येच रॉबर्ट स्वान्सन यांच्याबरोबर प्रत्येकी 500 डॉलर टाकून जेनेनटेक ही कंपनी काढली होती. तिने बॅक्टेरियाकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, एली लिली कंपनीला लायसन्स दिलं, आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. लॅबमधून मेडिकलच्या दुकानापर्यंत नऊ वर्षं.

मग गूगलच्या वेळी याच ऑफिसने उलटं का केलं? लॅरी पेज यांच्या पेजरँकचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं. आधीच्या सर्च कंपन्यांना ते विकायचा प्रयत्न झाला, कुणी घेतलं नाही. तेव्हा दोघा विद्यार्थ्यांच्या नव्या कंपनीलाच एकट्याला परवाना दिला आणि रोख पैशाऐवजी शेअर्स घेतले, सुमारे 18 लाख. 2005 मध्ये ते विकून 33 कोटी 60 लाख डॉलर आले. कारण साधं आहे. जीन कापायची पद्धत हे हत्यार होतं, ते सगळ्यांनाच लागणार. पण नव्या कंपनीत पैसे घालणारा विचारतो, उद्या मोठ्या कंपनीने हेच वापरलं तर? म्हणून तिला एकटीला हक्क. कुठल्या शोधाला कुठला परवाना, हे ठरवणं हेही इंजिनिअरिंगच आहे असं माझं मत. (आमच्या सिलॅबसमध्ये मात्र ते अजून सापडलेलं नाही.)

आपल्याजवळचं उदाहरण हवं तर आयआयटी मुंबई बघा. तिथे 2004 मध्ये 'साईन' हे इनक्युबेटर सुरू झालं. तिथेच वाढलेली आयडियाफोर्ज ही ड्रोनची कंपनी विद्यार्थ्यांच्या उड्या मारणाऱ्या प्रयोगांतून 2007 मध्ये उभी राहिली. 'थ्री इडियट्स'मधलं उडणारं यंत्र त्यांचंच. जुलै 2023 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यंत्र उडण्यापासून तिथपर्यंतचा प्रवास सोळा वर्षांचा, हे पिक्चरमध्ये नाही.

तर आता आमचं. पोस्टरवरची कल्पना गेली, ती कुणीही वापरू शकतं. शेतकऱ्यांनी वापरली तर आनंदच आहे, पण एखाद्या कारखानदाराने साचा काढून बनवायचा तर तोही विचारतो, उद्या शेजारचा हेच बनवेल मग? फुकटची कल्पना घ्यायला कुणी पुढे येत नाही, ही यातली गंमत. अमेरिकन सरकारकडे 1980 च्या आधी सुमारे 28,000 पेटंटं पडून होती आणि त्यातल्या 5 टक्क्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. बे-डोल कायद्याने ती मालकी विद्यापीठांना दिली तेव्हा चक्र फिरलं. आपल्याकडे असंच विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत आलं, पुढे मागे घेतलं गेलं.

सुदैवाने एक गोष्ट आम्ही पोस्टरवर दाखवली नव्हती, कारण तेव्हा ती नव्हतीच. चाळीतल्या धुळीने भोकं बुजायची. रूममेटचे वडील म्हणाले, "अरे, पंखा उलटा फिरवा की मधूनमधून." त्यावरून आम्ही स्वतःच साफ होणारी झडप केली. ती आता प्रोव्हिजनल अर्जात टाकतोय. ऑनलाईन फी 1,600 रुपये, म्हणजे माणशी 400. आपली मेसची फीस्ट परवडते तर हेही परवडेल. त्यानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. तोवर जुनी पेटंटं शोधणं चालू आहे. दोन जवळची सापडली, झोप उडाली, मग कळलं त्यांत झडप नाही.

दोन प्रश्न मात्र अजून अडकलेत. लॅब आणि सेन्सर कॉलेजचे, मग मालक कोण? हे सर विचारून सांगणार आहेत. आणि संशोधकांच्या रकान्यात चार नावं लिहायची की पाच? पंखा उलटा फिरवायचं ज्यांनी सुचवलं, त्यांचं नाव नसेल तर अर्जच खोटा ठरेल, असं मला वाटतं. रूममेटने काल घरी फोन केला. वडील म्हणाले, "माझं नाव कशाला? तुमचा पाईप आधी पावसाळ्याच्या आत लावून द्या."

या वर्षीच्या टेकफेस्टची पोस्टर्स पुढच्या आठवड्यात छापायला जातायत. बी विंगवाल्यांनी छापायच्या आधी एकदा आमच्या रूमवर यावं. चहा आमच्याकडे.