‘पिटक’ शब्दाचा अर्थविचार

‘त्रिपिटक’ या नावातील ‘पिटक’ म्हणजे पेटी, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो निराधार नव्हे. अमरकोशात पिटक, पेटक, पेटा, मंजूषा ही नावे एकत्रच येतात. (‘फोड’ हाही पिटकाचा एक अर्थ, तो येथे अप्रस्तुत.) परंतु तेथेच लगेच पुढे भारयष्टी म्हणजे कावड, आणि तिला टांगावयाचे शिक्य, म्हणजे आपले शिंके, ही येतात. पिटकाचा शेजार असा ओझे वाहणाऱ्यांचा आहे.

पाली मज्झिमनिकायाच्या ककचूपमसुत्तात पृथ्वी खणून नाहीशी करू पाहणारा पुरुष ‘कुद्दालपिटक’ घेऊन येतो. हीच आपली कुदळ-पाटी! येथे पेटी असा अर्थ केल्यास दृष्टांतच बिघडतो. खणलेली माती पेटीत कोण भरील? शिवाय बौद्धांच्याच परंपरेप्रमाणे ही वचने सिंहलद्वीपात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिली गेली. तोवर ती मुखपाठानेच चालत आली. तेव्हा मातीच्या पाट्या हातोहात पुढे द्याव्यात तशी दिलेली वचने, हा काही अभ्यासकांनी सुचविलेला अर्थ आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. अंगुत्तरनिकायात कालामांना केवळ पिटकात आहे म्हणून काही मानू नये असे सांगितले आहे. तेथेही पिटक म्हणजे परंपरेने हाती आलेले वचनच होय.