नफाथचा आकडा : डोळ्यांनी पाहिलेला खरा, कानाने ऐकलेला खोटा

सौदीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये 'नफाथ' हे सरकारी ॲप असते. बँक असो, 'अबशर' असो की नवे सिम, ओळख पटवायला ते लागते. त्याचे काम कसे चालते हे समजून घेतले, तर एक मोठी फसवणूक टळेल.

तुम्ही संकेतस्थळावर इकामा क्रमांक टाकता. पडद्यावर दोन अंकी आकडा दिसतो. तोच आकडा ॲपमध्ये निवडला की दार उघडते. यामागचे तर्कशास्त्र साधे आहे : आकडा ज्याला दिसतो आणि फोन ज्याच्या हातात आहे, ती व्यक्ती एकच असावी.

भामटा नेमका हाच दुवा तोडतो. इकामा क्रमांक काही गुपित नसते. घरमालक, कंपनी, दुकानदार अशा अनेकांकडे त्याची प्रत असते. तो टाकून भामटा आकडा स्वतःच्या पडद्यावर आणतो आणि तुम्हाला फोन करतो, "बँकेतून बोलतोय, ४७ निवडा." तुम्ही निवडलात की तुमच्या नावाने तो आत! तुमचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. नावावर कर्ज किंवा सिम निघाले, तर निस्तरायचे मात्र तुम्हालाच.

म्हणून नियम एकच. स्वतः उघडलेल्या पानावर स्वतः पाहिलेला आकडाच निवडा. तुम्ही काही सुरू केलेले नसताना विनंती आली, तर सरळ नाकारा. नुकत्याच आलेल्या सहकाऱ्यालाही हे मराठीत समजावून सांगा.