पाय आवळून शिंकतेस ना?

शिंक येतेय असं वाटलं की तू आधी मांडीवर मांडी आवळतेस. बारशाला जायचं तर गडद रंगाचाच ड्रेस काढतेस. एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीस. आणि कोणी विचारलंच तर 'बाळंतपणानंतर असं होतंच गं' म्हणून हसण्यावारी नेतेस. चल, आज दार लावून बोलू. मीही यातून गेले आहे, तेव्हा माझ्यासमोर लाजायचं कारण नाही.

होतं खरं, पुष्कळजणींना होतं. पण होतं म्हणून सोसत राहायचं, हे मला पटत नाही. ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, शीची जागा, सगळ्यांचा भार तिच्यावर. गरोदरपणात ती ताणते, बाळ बाहेर येताना त्याहून ताणते. जोर करण्याची वेळ लांबली, बाळ वजनदार असलं, चिमटा लावावा लागला, तर आणखीच. सिझेरियनवालीला हा धोका कमी, पण अजिबात नाही असं नव्हे. नऊ महिने भार तिनेही वाहिलेला असतोच. झोळी सैल पडली की खोकताना, हसताना, बाळाला उचलताना लघवी निसटते. अवयव खाली सरकला की अंग उतरल्यासारखं जड जड वाटतं. सकाळी बरं, दिवसभर उभं राहून संध्याकाळी जास्त, आडवं पडलं की पुन्हा बरं. आंघोळ करताना हाताला मऊ गोळा लागला तर कॅन्सरच्या धास्तीने रात्री जागवू नकोस. बहुतेकदा ती योनीची खाली आलेली भिंत असते. खात्री मात्र डॉक्टरांकडून करून घ्यायची.

तू अजून अंगावर पाजतेस. या काळात शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे खालची जागा कोरडी, नाजूक राहते आणि सगळं आहे त्याहून वाईट वाटतं. दूध सुटून पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींना फरक पडतो. पहिल्या काही महिन्यांतच 'माझं आता असंच राहणार' असा निकाल लावू नकोस.

आता व्यायाम. आर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1948 मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याचंच नाव पडलं. 'केगल कर' असं सगळे सांगतात. कसं करायचं ते कोणी सांगत नाही. गुडघे दुमडून उताणी पड. चारचौघांत वारा सरायला लागला तर तो अडवायला जे आवळतेस, ते आवळ. त्याच वेळी पुढूनही लघवी धरल्यासारखं आत-वर ओढ. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. जमतील तितके सेकंद धर आणि मग पूर्ण सोड. हे सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. बाळाला पाजायला बसलीस की करायचं, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. लघवी करता करता धार तोडून हा व्यायाम करू नये. आणि कितीतरी जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात, ते तर उलटंच झालं. म्हणून एकदा तरी स्त्रियांच्या या त्रासांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखव. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो, तिथे विचार.

एक युक्ती लगेच उपयोगी पडेल. शिंक किंवा खोकला येणार असं कळलं, बाळाला उचलायला वाकलीस, की त्याच्या क्षणभर आधी तीच झोळी आवळून धर. मांड्या नव्हे.

पाणी तोडू नकोस. कमी पाण्याने लघवी दाट होते, पिशवीला झोंबते आणि घाई वाढते. तोडायचाच असेल तर दुपारचा तिसरा चहा तोड. 'जाता जाता जाऊन येते' म्हणून दर अर्ध्या तासाला बाथरूम गाठण्याची सवयही घातक. पिशवी मग थोडंसं साठलं तरी हाकाटी करते. दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढव.

आईने, सासूबाईंनी प्रेमाने केलेल्या गोष्टींबद्दल बोलताना जरा जपूनच बोलते. शेक, मालीश, सव्वा महिन्याची विश्रांती, सगळं छान. पण पोट करकचून बांधलं तर दाब खालीच जाणार. आणि पथ्याच्या नावाखाली फळं-पालेभाज्या बंद, डिंकाचे लाडू चालू, मग शी घट्ट होणार आणि तू कुंथणार. रोजच्या कुंथण्यासारखा या झोळीचा वैरी नाही. पाण्याने भरलेला हंडा, गव्हाचा डबा, सिलेंडर यांना सध्या दुसरे हात शोध. नवऱ्यालाही दोन हात आहेत. त्याला हे सगळं सांगही; जवळ येताना तू का आक्रसतेस, ते त्या बिचाऱ्याला कळत नसेल.

व्यायामाने भागलं नाही तर सिलिकॉनची रिंग मिळते, पेसरी म्हणतात तिला. मापाची रिंग डॉक्टर आत बसवतात, ती अवयव वर धरून ठेवते. अनेकींना ती स्वतः काढून, धुऊन परत घालायला शिकता येते.

आता जे सांगते ते नीट ऐक. कोणी पहिल्याच भेटीत 'गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल' म्हणालं तर तिथून उठ आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचार. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं किती सहज काढली गेली, ते 2019 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढली तरी योनीचा वरचा भाग पुढे खाली येऊ शकतो, हे तेव्हा कोण सांगतं? उलट गर्भाशय ठेवून ते वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याच मुंबईत घडल्या. डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची नावं आजही त्या शस्त्रक्रियांना आहेत. अर्थात आणखी मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात.

लाजेचं म्हणशील तर गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तेव्हा गावात डॉक्टर नव्हते म्हणू. तुझ्या घरापासून दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे.

लघवी थेंब थेंब सतत गळत असेल, अजिबात होत नसेल, ताप किंवा रक्त असेल, बाहेर आलेला भाग आत जात नसेल, तर उद्यावर टाकू नकोस. एरवीही या आठवड्यात जाऊन ये. आणि केसपेपर काढताना 'कंबर दुखते' असलं काही सांगू नकोस. 'लघवी सुटते, खाली गोळा लागतो,' एवढं सरळ सांग. एकटीला जायचं नसेल तर फोन कर, मी येते.