पोट वाढतंय, मग चरबी कमी कशी?

प्रश्न : माझ्या वहिनीला सातवा महिना चालू आहे. दादानं घरी चरबीची टक्केवारी दाखवणारा वजनकाटा आणलाय. चौथ्या महिन्यात त्यानं २९ दाखवले, आता २६. वजन तर वाढतंय. गरोदरपणी चरबी घटते का? आणि ती नेमकी मोजतात तरी कशी?
– एक वाचक, कपिलधार (जि. बीड)

उत्तर : वजन नीट वाढत असेल तर चरबी घटली असेल असं वाटत नाही. काट्याला पाण्यानं चकवलंय. हा काटा मुळात चरबी मोजतच नाही. अनवाणी उभं राहिलं की तो एका तळपायातून दुसऱ्यात अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा होतो ते पाहतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून बिनचरबीच्या शरीराचा, आणि ते वजनातून वजा केलं की उरली ती चरबी. या हिशेबात बिनचरबीच्या शरीरात ७३ टक्के पाणी असतं असं धरलेलं असतं. गरोदरपणात ते ७५ टक्क्यांच्या आसपास जातं, कारण रक्त वाढतं, गर्भजल येतं, बाळ वाढतं, पायांवर सूज चढते.

दोन टक्क्यांनी काय बिघडतं? ६० किलोच्या बाईच्या अंगात ३२ लिटर पाणी आहे असं धरा. ७३ टक्क्यांनी हिशेब केला तर चरबी १६.२ किलो येते, ७५ नं केला तर १७.३. संपूर्ण गरोदरपणात सर्वसाधारणपणे साडेतीन किलोच्या आतबाहेर चरबी साठते, मुख्यतः पुढे अंगावर पाजण्याची शिदोरी म्हणून. त्यातलं किलोभर काट्यानं असंच गिळलं!

संशोधक मोजतात तेव्हा जड हायड्रोजन असलेलं पाणी मोजून पाजतात आणि काही तासांनी लाळेत किंवा लघवीत ते किती पातळ झालं यावरून अंगातलं पाणी काढतात. हे प्रयोगशाळेचं काम. क्ष-किरणांवर चालणारं डेक्सा यंत्र गरोदर बाईला वापरत नाहीत.

खेड्यात चालतो तो चिमट्यासारखा कॅलिपर. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, दंडाच्या मागची कातडी चरबीसकट दोन बोटांत उचलायची, स्नायू सोडून द्यायचा, चिमटा लावायचा आणि मिलिमीटर वाचायचे. पाठीवर खवाट्याच्या खालीही असंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात गरोदर बायांची मापं अशीच घेतली, बाळांचीही. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण पाठीवरच्या चरबीत मात्र फारशी मागे नव्हती. किरकोळ अंगाच्या आयांच्या पोटी बारीक पण चरबी राखलेली बाळं! पुढच्या मधुमेहाचं मूळ इथं असावं, असं याज्ञिक मांडतात. म्हणून हे माप मला महत्त्वाचं वाटतं, पण ते शिकलेल्या हातानं घेतलेलं असावं.

घरी चरबीचा आकडा बघूच नका. शिवणाची टेप घ्या, वहिनींच्या डाव्या दंडाचा मधला घेर मोजा. तो २३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर आशाताईंना सांगा, आहार कमी पडतोय का ते बघायला हवं. वजन दर महिन्याला माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दसऱ्यानंतर गाव सोडतात आणि वजनांची नोंद मधेच तुटते. तुमच्या वाडीवस्तीवर अशी कुणी गरोदर असेल तर कार्ड सोबत न्यायला आवर्जून सांगा.

आणि एक. वहिनींचा चेहरा, हात एकदम सुजले, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तदाब तपासून घ्या.